जेटीवर तर चालत होतं

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "जेटीवर तर व्यवस्थित चालत होतं." वाक्य इंजिनाबद्दल असतं. बोट बाहेर गेलेली असते, इंजिन मध्येच बंद पडलेलं असतं, दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढत आणलेलं असतं आणि धक्क्यावर पाच-सहा माणसं इंजिनाच्या फळ्या उघडून आत वाकून बघत असतात. ते वाक्य बोलणारा खोटं बोलत नसतो. इंजिन जेटीवर खरोखरच चालत होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. जेटीवर चाललं एवढ्यावरून 'इंजिन ठीक आहे' असं मानायचा त्याला अधिकार होता का?

'मानायचा अधिकार' हे शब्द जरा विचित्र वाटतील. वागण्याचे अधिकार असतात, बोलण्याचे असतात. मानायला कोणाची परवानगी लागते? मनात काय धरायचं ती ज्याची त्याची खासगी गोष्ट, असंच आपण समजतो. पण त्या बोटीवर आणखी सात-आठ माणसं असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना टाकीत काय आहे हे ठाऊक नसतं. ती एका माणसाच्या मानण्यावर बसून समुद्रात जातात.

आधी टाकीकडे बघू, कारण या प्रश्नातली अर्धी गंमत टाकीच्या तळाशी आहे.

डिझेल इंजिन तसं साधं असतं. स्वच्छ डिझेल, हवा आणि आत नीट तयार होणारा दाब, एवढं मिळालं की ते चालतं. त्याला ठिणगी लागत नाही. जुन्या धाटणीचं असेल तर एकदा चालू झाल्यावर बॅटरीचंही काम उरत नाही. म्हणून चालतं इंजिन आचके देत, आवाज खाली-वर करत बंद पडलं की जाणकाराचा पहिला संशय डिझेलवर जातो. डिझेलचा रस्ता असा : टाकीतून निघालं की पाणी वेगळं करणारा पहिला फिल्टर, मग फीड पंप, मग दुसरा बारीक फिल्टर, मग मुख्य पंप, तिथून नोझल. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत. या रस्त्यावर कुठेही अडलं, कुठेही हवा शिरली, कुठेही पाणी आलं, तरी वरून दिसणारं लक्षण जवळजवळ सारखंच. इंजिन गुदमरतं.

आता पावसाळा आठवा. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारतात किंवा खाडीत आत नेऊन बांधून ठेवतात. टाकीत निम्मंअधिक डिझेल तसंच राहिलेलं. उरलेल्या जागेत हवा, आणि हवाही कोकणातल्या जुलैची, पिळून काढावी अशी ओली. ती गार झाली की टाकीच्या आतल्या पत्र्यावर दव धरतं. दवाचे थेंब ओघळून खाली जातात. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते थेट तळ गाठतं आणि तिथेच बसतं. मग पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढायला लागतात. राहायला पाणी, खायला डिझेल. दोन महिन्यांत काळपट, बुळबुळीत साका तयार होतो. त्यात टाकीचा गंज आणि मागच्या हंगामाचा गाळ. हे सगळं अगदी शांतपणे घडतं. बोटीवर झाप टाकलेले आहेत, वर पाऊस पडतोय, माणसं घरी जाळी विणताहेत आणि ऑगस्टमधला अपघात तळाशी तयार होतो आहे.

हंगाम सुरू व्हायच्या आधी इंजिन चालू करून बघतात. ते चालतं. का चालणार नाही? डिझेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते, तळाचा साका हललेला नसतो, वरचं डिझेल स्वच्छ असतं. शिवाय धक्क्याला बांधलेल्या बोटीचं इंजिन रिकाम्या गतीवर फिरतं, त्याला डिझेल लागतं थोडंसंच. अर्धा तुंबलेला फिल्टरही तेवढं पुरवू शकतो. तासभर चाललं तरी तक्रार नाही.

बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडली की लाटा सुरू होतात. टाकी घुसळून निघते. तळाचा साका वर येतो, नळीच्या तोंडाला चिकटतो, फिल्टरमध्ये जाऊन बसतो. त्याच वेळी तांडेलाने लाट कापायला गती वाढवलेली असते, म्हणजे इंजिनाला डिझेल जास्त हवं असतं. नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. इंजिन बंद.

पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. इंजिन बंद पडलं की ओढ थांबते. नळीच्या तोंडाला चिकटलेला गोळा सुटून खाली पडतो. पंधरा-वीस मिनिटांत गाळ थोडा बसतो. दरम्यान कोणीतरी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप दाबून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देऊन हवा बाहेर काढलेली असते. परत स्टार्टर मारला की इंजिन चालू! सगळे हुश्श करतात. "एअर पकडली होती," असं निदान होतं आणि पुढे तेच सांगितलं जातं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण फांदी तुटल्यावर कावळ्याला दोष देणं सोडणं जितकं सोपं, तितकं इंजिन चालू झाल्यावर आपल्या हाताला श्रेय न देणं सोपं नाही. आपण काहीतरी केलं आणि ते चाललं. म्हणजे आपण केलं म्हणूनच चाललं. फोन हँग झाला की आपण बंद करून चालू करतो, तो सुरळीत होतो आणि नेमकं काय बिघडलं होतं हा प्रश्न तिथेच मरतो. फोनच्या बाबतीत मला यात काही गैर वाटत नाही. आयुष्य छोटं आहे.

आणि 'एअर पकडली' हे निदान तरी आहे का? हवा नळीत होती, खरं. पण ती आली कुठून? टाकी रिकामी होत आली होती? पुढे फिल्टर तुंबला म्हणून पंपाने जोर लावला आणि कुठल्यातरी सैल क्लिपमधून हवा ओढली? की नळीलाच बारीक चीर आहे? शेवटची शक्यता फार फसवी. डिझेलची नळी फुटली तर डिझेल ठिबकणार, अशी आपली समजूत. पण फीड पंपाच्या अलीकडची बाजू ओढणारी असते. तिथली चीर टाकीतल्या डिझेलच्या पातळीपेक्षा वर असेल, तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी बाहेरून ठणठणीत कोरडी. माणूस बोट फिरवून बघतो, कोरडं लागतं, म्हणतो, "गळती नाही."

आपल्याकडच्या जुन्या तत्त्वज्ञांनी या चुकीवर बराच खल केलेला आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन मानतात. एखादी गोष्ट न दिसण्यावरून ती नाही हे कळणं, म्हणजे अनुपलब्धी. टेबलावर मडकं दिसत नाही, म्हणून टेबलावर मडकं नाही. पण यात त्यांनी एक अट घातली. ते न दिसणं 'योग्य' असलं पाहिजे. म्हणजे ती गोष्ट तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत मडकं दिसलं नाही म्हणून मडकं नाही, असं म्हणता येत नाही. दिवा लावा, मग बोला.

कोरड्या नळीवरून 'गळती नाही' म्हणणं ही अंधाऱ्या खोलीतली अनुपलब्धी आहे. गळती असती तरी नळी कोरडीच राहिली असती. 'जेटीवर तर चालत होतं' हेही तसंच. टाकीत साका असता तरी जेटीवर इंजिन चाललंच असतं. ती तपासणी दोष असला तरी उत्तीर्ण करणार होती आणि नसला तरी. तिच्यातून काही कळलंच नाही. एक तास इंजिन चालवलं, डिझेल जाळलं, आवाज ऐकला, समाधान झालं, माहिती शून्य.

मग दिवा कसा लावायचा? एक बऱ्यापैकी खात्रीचा प्रकार मेस्त्री लोकांना माहीत असतो. स्वच्छ डिझेलचा एक कॅन आणायचा, ओढणारी नळी आणि रिटर्न पाइप दोन्ही त्यात सोडायच्या, मग इंजिनावर जोर देऊन चालवायचं. बंद पडणारं इंजिन कॅनवर न अडखळता चाललं, तर दोष टाकीत किंवा टाकीच्या नळीत. कॅनवरही गुदमरलं तर पुढे बघायचं. एक गोष्ट काढली की दोष जातो आणि ती परत लावली की दोष परत येतो, याला तर्कशास्त्रात व्यतिरेक आणि अन्वय म्हणतात. मेस्त्री त्याला "कॅनवर टाकून बघूया" म्हणतो. आणखी सोपी युक्ती : टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी खाली, डिझेल वर, मध्ये असलाच तर तो काळा थर. याला खर्च जवळजवळ नाही. तरी किती जण करतात, हा वेगळा विषय. खरं तर तोच विषय आहे.

१८७७ साली लंडनमध्ये विल्यम किंग्डन क्लिफर्ड या गणितज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. 'दि एथिक्स ऑफ बिलीफ', म्हणजे मानण्याची नीती. निबंध सुरू होतो एका जहाजमालकापासून. त्याचं जहाज जुनं आहे, मुळातच फार चांगलं बांधलेलं नाही, वारंवार दुरुस्तीला आलेलं आहे. त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येतात. सगळं तपासून डागडुजी करायला हवी का? खर्च मोठा. मग तो शंकांची समजूत घालतो. इतक्या सफरी केल्या, इतकी वादळं झेलली, याही वेळी परत येईल. देव एवढ्या कुटुंबांना वाऱ्यावर सोडणार नाही. हळूहळू त्याला खरोखर, प्रामाणिकपणे वाटायला लागतं की जहाज उत्तम आहे. तो हसतमुखाने निरोप देतो. जहाज बुडतं. विम्याचे पैसे मिळतात.

क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस त्या मृत्यूंचा दोषी आहे आणि त्याचा प्रामाणिकपणा त्याला वाचवू शकत नाही. कारण समोर जो पुरावा होता त्यावरून तसं मानायचा अधिकार त्याला नव्हता. तो विश्वास त्याने चौकशी करून कमावला नव्हता, शंका दाबून मिळवला होता. पुढे क्लिफर्ड स्क्रू आणखी एक आटा पिळतो. समजा जहाज बुडालं नाही. सुखरूप पोचलं. पुढेही कित्येक सफरी झाल्या. मालकाचा दोष कमी झाला का? तसूभरही नाही, असं त्याचं म्हणणं. तो निर्दोष ठरला नाही, फक्त पकडला गेला नाही.

हे लिहिणारा माणूस समुद्राला अनोळखी नव्हता. १८७० च्या डिसेंबरमध्ये सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेत तो होता. त्यांचं जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून फुटलं आणि तो वाचला. पुढे १८७९ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीच, तो आजारपणाने गेला. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये असले मालक केवळ उदाहरणापुरते नव्हते. कुजलेली, ओव्हरलोड केलेली, विमा उतरवलेली जहाजं समुद्रात ढकलली जात. लोक त्यांना शवपेटी-जहाजं म्हणत. सॅम्युएल प्लिम्सॉल हा खासदार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजांच्या कुशीवर माल भरण्याच्या मर्यादेची खूण सक्तीची झाली. ती खूण नेमकी कुठे रंगवायची हे मात्र आणखी काही वर्षं मालकावरच सोपवलेलं होतं!

क्लिफर्ड मला पूर्ण पटत नाही. तो शेवटी अशा टोकाला जातो की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं कुणासाठीही, कुठेही, कधीही चूकच. एवढा कडकपणा माणसाला झेपणारा नाही आणि गरजेचाही नाही. आपल्या आजीच्या हातची सोलकढी जगात भारी आहे, हे मी कुठल्याही चाचणीविना मानतो. कुणाचं काही बिघडत नाही. पण ज्या समजुतीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटणार आहे, तिच्यापुरता क्लिफर्ड शंभर टक्के बरोबर आहे. तिथे 'मला तसं मनापासून वाटलं होतं' हा बचाव नाही. उलट चौकशी व्हायला हवी ती याचीच : तुला तसं वाटलं कसं? काय बघून? आणि जे बघितलंस ते दोष असता तर दिसण्यासारखं होतं का?

क्लिफर्डला गाजलेलं उत्तर दिलं ते अमेरिकेतल्या विल्यम जेम्सने, १८९६ साली. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की, काही निवडी टाळताच येत नाहीत. थांबून पुरावा गोळा करतो म्हणणं हीदेखील तिथे एक निवडच असते आणि तिची किंमत मोजावी लागते. अशा वेळी पुराव्याच्या पुढे जाऊन काहीतरी धरून उडी घेणं गैर नाही.

बंद पडलेल्या बोटीवर जेम्स खरा ठरतो. ऑगस्टमधलं वारं आणि लाटा नैर्ऋत्येकडून, म्हणजे किनाऱ्याकडे ढकलणाऱ्या. इंजिन मेलेली बोट खडकांकडे सरकते आहे. अशा वेळी 'एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण कळेल' हा प्रयोगशाळेतला नियम कोणी सांगायला लागला, तर त्याला गप्प बसवावं. टाकीचं झाकण उघडा. हवा आत घेणारी नळी मिठाने किंवा कुंभारमाशीच्या घराने बंद झाली असेल, तर आत ओढ तयार झालेली असते आणि झाकण उघडताना 'स्सss' असा आवाज येतो. दुसरा माणूस तोवर फिल्टर बदलू दे. वाटीतलं पाणी सोडा. हवा काढा. सगळं एकदम करा. यातल्या कशाने चालू झालं हे कधीच कळणार नाही, न कळो. घरी पोचणं हा त्या वेळचा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाला 'चालू झालं' हे पूर्ण उत्तर आहे.

पण तांडेल जुना असेल तर यातलं काहीही करायच्या आधी तो एक गोष्ट करतो. नांगर टाकतो. इंजिनाला हात लावायच्या आधी नांगर. मला वाटतं, जेम्सने या नांगराचा पुरेसा विचार केला नाही. टाळता न येणारी निवड असं ज्याला तो म्हणतो, ती पुष्कळदा आपण नांगर टाकला नाही म्हणून टाळता न येणारी झालेली असते. नांगर धरला की सरकणं थांबतं, अर्धा तास मिळतो, आणि त्या अर्ध्या तासात उडी मारायची की शोधायचं, हे निवडायची मोकळीक परत येते. पाणी खोल असेल, तळ खडकाळ असेल, तर नांगर धरणारही नाही. मग जेम्स आहेच.

गडबड होते ती बोट परत आल्यावर. समुद्रात रास्त असलेलं उत्तर आपण जेटीवरही चालवतो. घरी कसं पोचायचं याचं उत्तर 'चालू झालं'. ते मिळालेलं असतं. का बंद पडलं, हा प्रश्न तसाच असतो. पण पहिलं उत्तर इतकं जोरात ऐकू येतं (खरंच, इंजिनाचाच आवाज तो) की दुसरा प्रश्न विचारला गेला आहे असं वाटूनच जातं. नवा फिल्टर बसवला, हवा काढली, चाललं. नवा फिल्टरही त्याच टाकीतलं पितो.

आता क्लिफर्डच्या जहाजमालकाला इकडच्या बंदरात आणून उभा करायचा मोह होतो, पण तो इथे नीट बसत नाही. त्याचा मालक आरामखुर्चीत आहे. इथला नाखवा अनेकदा स्वतःच बोटीवर असतो, निदान त्याचा भाऊ किंवा मुलगा असतो. बोटीवर कर्ज असतं. दोन महिने उत्पन्न नसतं. हंगामाचे पहिले दिवस चांगल्या मासळीचे आणि चांगल्या भावाचे. त्यातले दोन टाकी रिकामी करून धुण्यात घालवायचे, शेजारची बोट भरून येताना बघत, हे सोपं नाही. मेस्त्रीचं तर आणखी वेगळं. त्याला पैसे इंजिन चालू करण्याचे मिळतात. कारण शोधण्याचे मिळत नाहीत. 'टाकी उतरवून साफ करा, तोवर बाहेर जाऊ नका' असं सांगणारा मेस्त्री पुढच्या वेळी बोलावला जाईल का? मग तोही 'एअर होती' म्हणतो आणि हात पुसतो. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत असतं आणि ते न जोडण्यातच प्रत्येकाची सोय असते.

आणि मग डिझेलवाला. "डिझेलच भेसळीचं होतं." असू शकतं, पंपाच्या साठवण टाकीतही पाणी असू शकतं. पण भरताना एका बाटलीत नमुना काढून, झाकण लावून, तारीख टाकून ठेवला आहे का? त्याच दिवशी त्याच पंपावर भरलेल्या बाकीच्या बोटींना काय झालं? हे न विचारता केलेला आरोप हीदेखील बिनकमाईची समजूतच, फक्त यावेळी तिचं बिल डिझेलवाल्याच्या नावावर. या आरोपातला मोठा फायदा म्हणजे तो केला की टाकी उघडावी लागत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

या सगळ्यांत ज्याचं नाव अजून आलं नाही तो खलाशी. हल्ली रत्नागिरीकडच्या बोटींवर पुष्कळ खलाशी नेपाळहून आलेले असतात. खाली वाकून फिल्टरच्या वाटीचा स्क्रू सैल करायचं, हात काळे करायचं काम सहसा सगळ्यात नव्या पोराकडे येतं. वाटीतून डिझेलच्या आधी पाणी आलं, किती आलं, त्यात काळे तुकडे होते का, हे बोटीवर सगळ्यात आधी त्याला दिसतं. योग्य अनुपलब्धी म्हणा की योग्य उपलब्धी, नेमकं ज्ञान त्याच्या बोटांवर असतं. आणि बोलायची पत सगळ्यात कमी त्याचीच. भाषा मोडकी, नोकरी हंगामापुरती. "पानी आया" असं तो म्हणतो, वरून "थोडं येतंच" असं उत्तर येतं, विषय संपतो. 'थोडं येतंच' हे वाक्य मला 'जेटीवर तर चालत होतं' पेक्षा धोकादायक वाटतं. दुसऱ्यात निदान काहीतरी तपासलेलं असतं. पहिल्यात समोर आलेला पुरावा सवयीच्या खिशात टाकलेला असतो. थोडं म्हणजे किती? मागच्या खेपेला किती होतं? आज जास्त का? कोणी विचारलं, तर पोरगा सांगू शकेल.

म्हणून मला प्लिम्सॉलच्या खुणेचं महत्त्व क्लिफर्डच्या युक्तिवादाहून थोडं जास्तच वाटतं. मालकाचं मन शुद्ध आहे की नाही याची झडती ती घेत नाही. ती जहाजाच्या बाहेर असते, धक्क्यावरून कोणालाही दिसते. ज्याला त्या जहाजातून जायचं आहे त्यालाही. डिझेल बोटीवर तशी खूण म्हणजे फिल्टरखालची पारदर्शक वाटी. बऱ्याच बोटींवर ती असते, पण काजळी आणि तेलाने इतकी माखलेली की आत पाणी आहे की डिझेल हे देवाला ठाऊक; काहींवर धातूची असते, मग प्रश्नच मिटला. ती पुसून ठेवायची. फिल्टर ज्या दिवशी बदलला ती तारीख त्याच्यावर मार्करने लिहायची. वाटीतून किती पाणी निघालं ते फळीवर खडूने टिपायचं. यात खर्च एका फडक्याचा आणि एका खडूचा. पण मग 'थोडं येतंच' म्हणता येत नाही, कारण परवाचा आकडा फळीवर असतो आणि तो सगळ्यांना दिसतो.

एक अडचण उरते ती वेळेची. बोट निघते पहाटे. तोवर बर्फ भरलेला असतो, डिझेल भरलेलं असतं, जाळी चढलेली असतात, माणसं आलेली असतात. पहाटे चारला वाटीत पाणी दिसलं तर "आज नको" म्हणायला जे धैर्य लागेल ते मी कुठल्याही नाखव्याकडून अपेक्षित धरणार नाही. खलाशाकडून तर नाहीच. त्या वेळी शंका महाग झालेली असते. ती आदल्या दुपारी स्वस्त असते, बर्फाची गाडी यायच्या आधी. वाटी तेव्हा बघायची असते, भरतीला हलणाऱ्या बोटीत, झाकण काढून, हातात टॉर्च धरून. आणि वर उभ्या असलेल्याने खाली वाकलेल्या पोराला विचारायचं असतं, किती आलं रे, आणि त्याचं सांगून होईपर्यंत तिथून हलायचं नसतं.